सगळ्या पेशी गोल

सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रयोगाची वही वेगळी आहे. तिच्यात आकडे असतात आणि ती सर तपासतात. ही वही कोणी तपासणार नाही, म्हणून हिच्यात खरं काय ते लिहिते. मला वैताग आलाय.

सर म्हणजे माझे पीएच.डी.चे गाइड. बसतात पुण्याला. सहा वर्षांत नाशिकला दोनदा आले, त्यातल्या एकदा शिर्डीला जाता जाता. आज फोनवर म्हणाले, "संजना, चित्रं स्वच्छ हवीत. परीक्षकाला बघताक्षणी पटलं पाहिजे." पटलं पाहिजे म्हणे. इथे मलाच पटत नाहीत. एकतीस मार्चला माझ्या नोंदणीची मुदत संपते. दोनदा वाढवून घेतली, तिसऱ्यांदा विद्यापीठ दारातसुद्धा उभं करणार नाही. प्रबंध वेळेत गेला नाही तर जूनमध्ये कॉलेजात जी एकुलती एक कायम जागा निघणार आहे ती दुसऱ्या कोणाला तरी जाईल. मी नऊ वर्षं तासिकेवर शिकवतेय तशीच शिकवत राहीन आणि स्टाफरूमच्या मोडक्या खुर्चीवरून रिटायर होईन.

यंत्र असं: एक लेझर, त्याच्यापुढे अगदी बारीक भोक पाडलेला पत्रा, भोकाशी रक्ताची एक पेशी, आणि पलीकडे जुन्या मोबाइलमधून उचकटून काढलेला कॅमेऱ्याचा सेन्सर. भिंग एकही नाही. सेन्सरवर नुसते उजेडाचे ठिपके आणि पट्टे पडतात, त्यावरून कॉम्प्युटरने उलटं गणित करून पेशीचा आकार शोधायचा. सगळं एका डब्यात मावतं आणि बॅटरीवर चालतं. पेठ-सुरगाण्याकडे सिकलसेलचे रुग्ण खूप, त्यांच्यासाठी करायचं ठरलं होतं. त्या रक्तातला ऑक्सिजन एका रसायनाने काढून घेतला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. निरोगी माणसाच्या गोलच राहतात. यंत्राने एवढंच सांगायचं आहे, गोल की विळा.

तेवढंच ते सांगत नाही. कारण कॅमेऱ्याला फक्त उजेड किती आला ते कळतं. लाट चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची फेज, ती कॅमेरा नोंदवतच नाही. आणि पेशी जवळजवळ पारदर्शक. तिचा आकार बहुतेक सगळा त्या न नोंदवलेल्या फेजमध्येच असतो. ती हरवलेली फेज परत मिळवण्यात माझी सहा वर्षं गेली. आई म्हणते, एवढ्यात माणसं दोन पोरं शाळेत घालतात.

गुरुवार, ९ जानेवारी

बुधामामा आज दिवसभर माझ्या खुर्चीमागे उभे. मामा आमचे लॅब अटेंडंट, बावीस वर्षं झाली कॉलेजात, गाव पेठच्या पुढे पाड्यावर. कामाला चोख माणूस, पण पाठीमागे कोणी उभं राहिलं की माझं डोकं चालत नाही.

"मॅडम, हे एवढा वेळ काय करतंय?"

सांगितलं. आधी फेजचा वाटेल तो अंदाज धरायचा. तो घेऊन कॅमेऱ्याकडे जायचं. कॅमेरा म्हणतो, उजेड मी मोजलाय तेवढाच पाहिजे. त्याचं ऐकायचं, आणि सुधारलेला अंदाज घेऊन पत्र्याकडे यायचं. पत्रा म्हणतो, भोकाबाहेर काही दिसता कामा नये. त्याचंही ऐकायचं, आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे. अशा पाचशे फेऱ्या, दोन्हीकडची तक्रार मिटेपर्यंत.

"म्हंजे सोयरीक जुळवायची तसंच," मामा म्हणाले. "मधल्या माणसाच्या चपला झिजतात."

मला हसू आलं. हसायला नको होतं, कारण त्यांना धीर आला आणि खरी गोष्ट बाहेर पडली. त्यांच्या मुलीला स्थळ आलंय. मुलगा चंदर, शेजारच्या पाड्यावरचा, जीप चालवतो. चंदरच्या थोरल्या भावाला सिकलसेल आहे, आणि चंदर अर्धा आहे. अर्धा म्हणजे वाहक. स्वतःला त्रास नाही पण रक्तात आहे, रसायन घातलं की त्याच्याही पेशी वाकतात. मुलगीही वाहक निघाली तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला पूर्ण आजाराची शक्यता चारात एक. हे गणित मामांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. चंदरचा भाऊ कळा आल्या की भिंतीकडे तोंड करून ओरडतो ते त्यांनी पाहिलंय.

"शिबिरात रगत दिलं होतं पोरीनं दिवाळीत. त्याचा कागद काय आला नाय. तुमचे मशीनवर बघा ना."

मी म्हटलं, मामा, हा दवाखाना नाही, हे संशोधन आहे, इथे निकाल सांगायचा नसतो. ते म्हणाले बरं. दहा मिनिटांनी परत, "एक थेंबच लागतो ना मॅडम?"

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी कोणाशीही गोड बोलले नाही.

पण आज एक झालं. दर वेळी सुरुवातीचा अंदाज वेगळा धरला की शेवटचं चित्रही वेगळं येतं. कधी कडा फाटलेल्या, कधी मधे डाग, कधी सगळी पेशी एका बाजूला सरकलेली. सरांचा सल्ला ऐकला. एकाच पेशीची चाळीस वेगवेगळ्या अंदाजांपासून चाळीस चित्रं काढली, सगळी सरकवून मध्यावर आणली, कुठे काळ्याचं पांढरं झालं होतं तेही सरळ करून घेतलं, आणि चाळिसांची सरासरी काढली. डाग गेले, फाटलेपण गेलं. प्लॅस्टिकचे बारीक मणी टाकून पाहिले, गोल आले. माझं स्वतःचं रक्त टाकलं, गोल आलं, मधली फिकट खळगीसुद्धा दिसली. सरांना पाठवलं. त्यांचा अंगठा आला. सहा वर्षांत पहिला.

उद्यापासून निरोगी लोकांचे नमुने घेणार, तेच रसायन घालून. चोवीस पुरेत.

शनिवार, १८ जानेवारी

चोवीस झाले. प्राध्यापक, पोरं, ऑफिसातले दोघे. मामांनी इतकं भंडावलं होतं की शेवटी म्हटलं, आणा तुमच्या मुलीला, एक नमुना वाढेल. ती आली होती. निळा ड्रेस. साक्षीने तिच्या बोटाला सुई टोचली, तिने फॉर्मवर सही केली, काही बोलली नाही, गेली. नमुना क्रमांक १७. फॉर्म मीच लिहिलाय: नमुना संशोधनासाठी आहे, निकाल कळवला जाणार नाही.

साक्षी माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. हुशार आहे, पण प्रश्न फार.

मंगळवार, २१ जानेवारी

साक्षीचा आजचा प्रश्न: "मॅडम, सतरा नंबरच्या पेशी एकेका चित्रात वाकड्या दिसतात. पण एकच पेशी अर्ध्या चित्रांत इकडे वाकलेली, अर्ध्यांत तिकडे."

मी म्हटलं, म्हणूनच तर सरासरी काढायची. खरी गोष्ट प्रत्येक चित्रात सारखीच येणार, चूक मात्र कधी अशी तर कधी तशी. तो वाकडेपणा खरा असता तर चाळीसही वेळा एकाच बाजूला आला असता. इतकं साधं आहे. एकेक चित्र बघायचं नाही असं मी तिला हजारदा सांगितलंय. तिने "हो मॅडम" म्हटलं, पण पटलेलं दिसलं नाही. हल्लीच्या पोरांना सांगून पटतच नाही.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी दहाला मामा: "मॅडम, झालं का आमचं?" अकराला चहा घेऊन: "झालं का?" दुपारी दोनला लादी पुसता पुसता: "नाय, सहज विचारलं." मला पाच वाजेपर्यंत सरांना तक्ता पाठवायचा होता, वीज दोनदा गेली होती, आणि चार वाजता परत दारात ते उभे.

मी म्हटलं, "गोल आहेत हो मामा. तुमच्या मुलीच्या सगळ्या पेशी गोल आहेत. झालं समाधान? आता मला काम करू द्या."

ते थोडे थांबले. "मंग पुढं जायला हरकत नाय ना?"

"नाही."

गेले. शांतता. तक्ता वेळेत गेला. निकाल सांगायचा नसतो हे मला माहीत आहे, पण चांगलीच बातमी होती, त्यात कोणाचं काय बिघडलं?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पेढे. सुपारी फुटली, लग्न वीस एप्रिलला. मामांनी सगळ्या स्टाफरूमला वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "संजना मॅडमनं रगत बघून दिलं." आमच्या विभागप्रमुखांनी माझ्याकडे भुवई वर करून पाहिलं. आता सगळ्या कॉलेजचं रक्त घेऊन लोक माझ्याकडे येणार. शिवाय मामांना आताच चार दिवस सुट्टी हवी, माझं प्रबंधपूर्व सादरीकरण अठ्ठावीसला आहे आणि पत्र्यांना भोकं पाडायची ती तेच पाडतात. "नंतर घ्या ना," म्हटलं. "बरं मॅडम," म्हणाले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

योगेशने सहा नमुने पाठवले. योगेश डॉक्टर आहे, पॅथॉलॉजीवाला, माझ्याबरोबर अकरावी-बारावीला होता. सहाही सिकलसेलचे पक्के रुग्ण, रसायन घालून पाठवलेले. प्रबंधाचा सगळा डोलारा या सहांवर: निरोगी ते गोल, रुग्ण ते विळा.

सहाही गोल. सुरेख, स्वच्छ, गोल.

घरी येऊन मी त्याला फोन लावला. "तू नमुने बदललेस."

"मी कशाला बदलू?"

"मग रसायन जुनं असणार. नाहीतर वाटेत ऊन लागलं असणार."

"संजना, मी ते मायक्रोस्कोपखाली बघूनच पाठवलेत."

"मग नीट बघितलं नसशील." फोन त्याने ठेवला की मी, आता आठवत नाही. आई बाहेरच्या खोलीत मावशीला फोनवर जयभीम घालता घालता थांबली आणि म्हणाली, "तू मशीनला बोलतेस की माणसाला, मला इथून कळत नाही."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

योगेश स्वतः आला. आणखी सहा नमुने, ताजे, रसायन नवीन, शिवाय त्याच्या मायक्रोस्कोपखालचे फोटो. फोटोत विळेच विळे. माझ्या यंत्रात गोल. लेझरची उष्णता असेल, म्हणून लेझर मंद केला. गोल. पत्र्याच्या कडेने हवा लागून ऑक्सिजन परत मिसळत असेल, म्हणून कडा मेणाने बंद केल्या. गोल.

योगेश जाताना म्हणाला, "तुझं यंत्र आल्यागेल्याला पास करतंय." मास्तरांच्या घरचा आहे, बोलायची तीच पद्धत. चूक त्याच्याकडेच आहे, फक्त कुठे ते सापडत नाहीये.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. दिवसभर डीजे. काही झालं नाही. वैताग.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

साक्षी सकाळी आली आणि न विचारता माझं टेबल रिकामं केलं. योगेशच्या एका नमुन्यातली एकच पेशी, तिची चाळीस चित्रं तिने जुन्या ओएचपीच्या पारदर्शक शीटवर छापून आणली होती. माझ्यासमोर दोन गठ्ठे केले. एकात बावीस, सगळ्यांत विळा डावीकडे उघडा. दुसऱ्यात अठरा, विळा उजवीकडे उघडा.

मग दोन्ही गठ्ठ्यांतली एकेक शीट उचलली, एकावर एक ठेवून खिडकीशी धरली. गोल. मधे फिकट खळगीसुद्धा.

"आता बघा," ती म्हणाली, आणि वरची शीट अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठेवली. विळ्यावर विळा बसला.

मी खुर्चीवर बसले. कोणतीही वस्तू आणि तीच वस्तू अर्धा फेरा फिरवून आणि काळ्याचं पांढरं करून ठेवलेली, दोघींचे कॅमेऱ्यावरचे ठिपके तंतोतंत सारखे पडतात. कॅमेऱ्याला फरक कळूच शकत नाही. त्यामुळे सुरुवातीचा अंदाज जिकडे झुकेल तिकडचं चित्र गणित देतं, आणि दोन्ही तितकीच बरोबर. हे मी दर वर्षी एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात शिकवते. फळ्यावर काढून दाखवते. आणि चाळीस चित्रं सरासरीत टाकताना ती सरकवून जुळवली, काळं-पांढरं सरळ केलं, पण फिरवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मणी गोल होते, माझं रक्त गोल होतं. गोल वस्तू कशीही फिरवा, ती गोलच. म्हणून माझ्या सगळ्या चाचण्या पास झाल्या.

इलाज फक्त चार ओळींचा. प्रत्येक चित्र दोन्ही बाजूंनी ताडून बघायचं, जुळेल ती बाजू घ्यायची, मग सरासरी. दुपारपर्यंत योगेशचे बाराही नमुने पुन्हा काढले. विळे, विळे, विळे. मी साक्षीला मिठी मारली, ती अवघडली. योगेशची फोनवर माफी मागितली. सरांना कळवलं, ते म्हणाले, "उत्तम. जुनी चित्रं काढ, नवी घाल. चुकीबद्दल लिहीत बसू नकोस."

वाचले. एकतीसच्या आत होतंय. खूप दिवसांनी आज जेवण गोड लागलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या सादरीकरण. आज दुपारी साक्षी म्हणाली, "मॅडम, आपले चोवीस पण पुन्हा काढले."

"ते कशाला? ते निरोगी आहेत."

"तेवीस गोल आहेत," ती म्हणाली, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

सतरा नंबर. वीस पेशींतल्या चौदा वाकलेल्या.

मग जे सुचलं ते लिहिते. पहिलं सुचलं की फॉर्मवर तिची सही आहे, निकाल कळवला जाणार नाही, असं तिनेच मान्य केलंय. दुसरं सुचलं की सरांना विचारावं. विचारलं. ते म्हणाले, "आपण डॉक्टर नाही. नियमाने निकाल सांगायचा नसतोच. आणि आता सांगितलंस तर आधी सांगितला होतास हेही निघेल. विद्यापीठाच्या समितीने प्रबंध अडवला तर मला बोलवू नकोस." म्हणजे नियम मी मोडला तेव्हा नव्हता, आता पाळायला आहे. तिसरं सुचलं की चारात एक. म्हणजे चारात तीन वेळा काहीच होत नाही.

ही शेवटची ओळ लिहिली आणि माझीच मला शिसारी आली. खोडत नाही. राहू दे.

शनिवार, १ मार्च

सादरीकरण छान झालं म्हणे. टाळ्या वाजल्या. शेवटच्या रांगेत मामा उभे होते, प्रोजेक्टर त्यांनीच लावला होता. पडद्यावर विळे आले तेव्हा ते पुढे वाकून बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अशे असतात होय. बरं झालं, आमचे पोरीचे गोल हायेत."

मी "हं" म्हणाले. हं. नऊ वर्षं शिकवणारी बाई, तोंडातून निघालं काय, तर हं.

बुधवार, ५ मार्च

मामांनी टेबलावर पत्रिका ठेवली. कोपऱ्यांना हळदकुंकू. "पहिली तुम्हाला, मॅडम."

चि. सौ. कां. मनाली. मला तिचं नाव माहीत नव्हतं. फॉर्मवर असणार, मी वाचलंच नव्हतं. दीड महिना ती सतरा नंबर आणि बुधामामांची पोरगी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. स्टाफरूम भरलेली होती, हे एक कारण. खरं कारण ते नाही. मामा हसत होते आणि मला भीती वाटली.

संध्याकाळी योगेशकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो ओरडेल वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुझ्या डब्यावरून आता हो पण सांगू नकोस आणि नाही पण सांगू नकोस. तपासणी परत करायला हवी एवढं सांग. दोघांना माझ्याकडे पाठव, पक्का रिपोर्ट मी काढून देतो. पण सांग. पत्रिका वाटून संपायच्या आत."

सरांना मेल केला: माझी चूक मी प्रबंधात लिहिणार, स्वतंत्र प्रकरण, आणि एका व्यक्तीला चुकीचा निकाल सांगितला होता हेही लिहिणार. उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येवो.

रविवार, ९ मार्च

सकाळची पेठची एसटी पाऊण तास उशिरा. कंडक्टरला विचारलं तर म्हणतो, "ताई, गाडी आली की निघते." मी त्याच्याशी भांडले. भांडायला कोणीतरी हवंच होतं.

फाट्यावर मामा घ्यायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडम घरी येणार म्हणून त्यांच्या बायकोने, भागीबाईंनी, अंगण सारवून ठेवलं होतं. पाणी आलं, चहा आला. मांडवाची जागा दाखवून झाली. मी म्हटलं, "मामा, मला मनालीशी बोलायचंय."

ती ओट्यावर येऊन बसली. पेठच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी सांगितलं. विळा, दोन गठ्ठे, माझी चूक, सगळं. वाटलं होतं तिला समजावून सांगावं लागेल. तिने मधेच थांबवलं.

"म्हणजे मी चंदरसारखीच असू शकते."

"असू शकतेस. पक्कं नाही. पुन्हा तपासायला हवं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सत्तावीस तारखेला."

तिने बोटांवर मोजलं नाही, पण मोजलेलं मला दिसलं. "मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, मॅडम. सुई टोचल्यावर. निकाल कधी कळेल म्हणून. तुम्ही कॉम्प्युटरकडे बघत म्हणालात, वडिलांना सांगते."

मला आठवत नाही. आत्ता मागचं पान काढून बघितलं. मी लिहिलंय, काही बोलली नाही.

"रक्त माझं होतं," ती म्हणाली. "लग्न पण माझंच आहे."

मी म्हटलं, "चुकलं माझं." दुसरं काय म्हणणार?

ती आत गेली, फोन घेऊन आली. "चंदरला आज मीच सांगते. आम्ही दोघं जाऊ तुमच्या डॉक्टरांकडे. त्याच्या भावाचं आम्ही रोज बघतो, आम्हाला कोणी घाबरवायला नको. लग्न करायचं की मोडायचं, केलं तर मुलाचं काय करायचं, ते आमचं आम्ही ठरवू. पण आता माहीत असून ठरवू. बाबांना तुम्ही सांगा. जे मला सांगितलं तेच सांगा, कमी नको."

भागीबाई दाराच्या आडोशाला होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला आणि आत नेला. चहा अर्धा होता.

मामांना मी फाट्यावर जाताना सांगितलं. सगळं, कमी नाही. ते चालत राहिले. शर्टाच्या खिशात पत्रिकांचा गठ्ठा होता, तो त्यांनी काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला. म्हणाले, बत्तीस वाटून झाल्या. म्हणाले, सुपारी माझे हातानं फोडली.

फाट्यावर पोचल्यावर विचारलं, "मॅडम, मशीन तवा चुकलं, ते मला समजलं. माणसाचं पण चुकतं. पण निकाल सांगायचा नसतो असं तुम्हीच पहिले दिवशी बोलल्या होत्या. मंग सांगितलं कशाला?"

बस येताना दिसत होती. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मला राग आला होता मामा. तुम्ही सारखं विचारत होता. तुम्ही जावं म्हणून बोलून टाकलं."

मामांनी माझी पिशवी बसच्या पायरीवर ठेवली.

"राग आला तर नाय म्हणायचं होतं, मॅडम. मी दुसरीकडं गेलो असतो."

नाशिक येईपर्यंत मी तेच ऐकत होते. त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नव्हता.